कॅमेऱ्याला कपाळ नसतं

सुरुची नुकतीच झोपली आहे. तिची दुपारची झोप चाळीस मिनिटांची असते आणि त्यातली दहा मिनिटं ती खरंच झोपली की नाही हे पाहण्यात जातात. उरलेल्या अर्ध्या तासात मला एक खुलासा करायचा आहे. दिघोरीतल्या आमच्या बिल्डिंगमध्ये आणि सीताबर्डीच्या एका दुकानात माझ्याबद्दल जे सांगितलं जातं, ते बरंचसं खरं आहे. पण मी भौतिकशास्त्र शिकवते म्हणून ते जास्त हसून सांगितलं जातं, याला माझी हरकत आहे.

प्रकरण कॅमेऱ्याचं. कुहीच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मी अकरावी-बारावीला शिकवते. बाळंतपणाची रजा संपून तिला उन्हाळ्याची सुट्टी जोडून आली, आणि आमच्या विदर्भात उन्हाच्या कृपेने सुट्टी जूनअखेरपर्यंत लांबते, तरी ती कधीतरी संपतेच. सोमवारी कॉलेज उघडणार होतं. सुरुची तेव्हा दहा महिन्यांची होणार होती. दिघोरी ते कुही बसनं सव्वा तास, म्हणजे ती रडली आणि मी निघाले, तर मी पोचेपर्यंत ती हसून, जेवून, पुन्हा रडायला लागलेली असणार. तिला सांभाळणार होत्या माझ्या सासूबाई, सुमतीबाई, ज्यांना मी आई म्हणते.

माझा नवरा विक्रम याचं प्रेम विद्युत उपकरणांतून व्यक्त होतं. लग्नानंतर त्यानं मला इन्व्हर्टर दिला होता. या वेळी तो सीताबर्डीहून कॅमेरा घेऊन आला, वायफायवर चालणारा, टीव्हीच्या वरच्या फळीवर बसवायचा. "कुहीत बसून पाहात जा तिला," तो म्हणाला. मी ठरवलं, चित्र स्वच्छ दिसलं तर जायचं. नाही दिसलं तर रजा वाढवायची. बिनपगारी रजेचा अर्ज मी लिहूनही ठेवला, फक्त तारखेची जागा मोकळी सोडली, आणि तो औषधांच्या खणात ठेवला, जिथे सुरुचीचे ड्रॉप्स, थर्मामीटर आणि आईंची काजळाची डबी असते. हे काजळ आई घरी धरतात, तुपाच्या दिव्यावर, आणि त्याबद्दल बाजारातल्या कुठल्याही काजळाचं नाव त्यांच्यापुढे काढायचं नसतं.

पहिल्या दिवशी चित्र असं होतं की सुरुचीच्या हनुवटीला चिकटलेली भाताची शितं मोजता यावीत. खालच्या मजल्यावरचे आनंदराव ते बघायला आले. आनंदराव टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेत, त्यामुळे वायर असलेली आणि नसलेली सगळी यंत्रं ते स्वतःच्या अखत्यारीत धरतात. ते फोनमध्ये डोकं घालून म्हणाले, "वा गा विक्रम. काय चित्र आहे. माशी बसली तं तिचे पाय मोजून घ्यावे." मग चित्र बघायला वरच्या मजल्यावरचे आले, शेजारचे आले. सगळ्यांनी तोंड भरून कौतुक केलं. आई एका बाजूला बसून टेबलावर बोटं वाजवत होत्या. ती त्यांची सवय आहे. मनात काही चाललं असलं की दहाही बोटं टेबलावर चालतात, अगदी शिस्तीत, कारण त्या लग्नाआधी टायपिंगच्या दोन परीक्षा पास झाल्या होत्या. लग्नानंतर एका कचेरीतून बोलावणंही आलं होतं. तेव्हा विक्रम सहा महिन्यांचा होता आणि घरात पाहायला कोणी नव्हतं. ही हकीकत आमच्या घरात एवढीच सांगितली जाते, यापुढे कोणी विचारत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला मी फोन उघडला, तर हॉलमध्ये धुकं पडलेलं. डाव्या बाजूला एक सावली होती, आणि सुरुची त्या सावलीतून रांगत येताना एखाद्या दुधाच्या काचेमागून यावी तशी दिसत होती.

"नजर लागली त्याले," आई म्हणाल्या.

"आई, नजर लागत नसते. प्रकाशाचे किरण डोळ्यात जातात, डोळ्यातून बाहेर येत नाहीत."

"मंग आनंदरावाच्या डोळ्यातून काय निघून राहिलं होतं?"

मी कामाला लागले.

कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये शिरलं की चित्राच्या गुणवत्तेचं एक आख्खं पान उघडतं. ब्राइटनेस, कॉन्ट्रास्ट, शार्पनेस, सॅच्युरेशन, प्रत्येकाला शून्य ते शंभरची पट्टी. ती पट्टी बघून मला जे वाटलं ते मी प्रामाणिकपणे सांगते. मला आनंद झाला. दहा महिने मी कुठलंही मापन केलं नव्हतं, दुधाचे मिलिलिटर सोडून. मी जुनी प्रात्यक्षिकाची वही काढली, पट्टीनं रेघा मारल्या आणि निरीक्षण तक्ता आखला. एका वेळी एकच राशी बदलायची, बाकीच्या स्थिर ठेवायच्या. सुरुचीला स्थिर ठेवणं जमेना, म्हणून तिच्या जागी तिचा कापडी हत्ती ठेवला.

ब्राइटनेस वाढवला तर धुकं पांढरं झालं, कमी केला तर करडं झालं. शार्पनेस शंभरला नेला तेव्हा हत्तीच्या अंगावर काटे उभे राहिले, पण धुकं तिथंच. दोन दिवसांनी सॅच्युरेशन, म्हणजे रंगांचा भडकपणा, नव्वदवर नेलं आणि तेवढ्यात सुरुची उठली, म्हणून पट्टी तिथंच सोडून मी गेले. इथे एक गोष्ट सांगायची राहिली. विक्रमनं कॅमेऱ्याचा पासवर्ड कामठीला माझ्या आईलाही दिला होता, नात दिसावी म्हणून. माझी आई जिजाबाई, तिच्यासाठी कॅमेरा म्हणजे टीव्हीवरचं एक चॅनल, जे ती सकाळी लावते आणि झोपताना बंद करते. नव्वदच्या सॅच्युरेशनवर तिला नात हळदीसारखी पिवळी दिसली. तिनं फोन केला नाही. फोन करण्यात वेळ जातो म्हणून ती शेअर ऑटोत बसली, पुढे मेट्रो, पुढे परत ऑटो, आणि दीड वाजता चव्वेचाळीस अंशांच्या उन्हात उसाच्या रसाची बाटली घेऊन दारात उभी राहिली.

"काहून लपवून ठेवलं वं माह्यापासून? कावीळ झाली पोरीले."

सुरुची तिच्या चपलेचा अंगठा चोखत होती, गुलाबी आणि सुदृढ. तिला खिडकीशी नेऊन डोळ्यांतलं पांढरं, नखं, जीभ असं सगळं तपासल्यावर माझ्या आईनं तो रस स्वतःच प्यायला. जाताना मला सुनावून गेली, "दिवसभर पट्ट्या सरकवण्यापरीस सासूकडून काही शिक. तुझी आंघोळ चालू राहते तेव्हा विहीणबाई रोज तो कॅमेरा पुसतात. मी पाहतो नं कामठीहून. असं बोट फिरवून फिरवून पुसतात बिचाऱ्या."

हे वाक्य मी तक्त्यात नोंदवलं: भिंगाची स्वच्छता, रोज, समाधानकारक. पुढे जे घडलं त्यात या एका नोंदीचा वाटा मोठा आहे.

आनंदराव रोज वर येऊ लागले. पहिल्या दिवशी त्यांनी कॅमेरा बंद करून चालू केला. दुसऱ्या दिवशी राउटर बंद करून चालू केला. तिसऱ्या दिवशी बिल्डिंगचा मेन स्विच बंद करून चालू केला, तेव्हा दुसऱ्या मजल्यावर लिफ्टमध्ये अडकलेल्या बाईंशी त्यांचं जे बोलणं झालं ते इथे देत नाही. चौथ्या दिवशी त्यांचं बोट कूलरकडे वळलं. "ओल. कूलरची ओल बसून राहिली काचेवर. तासभर बंद ठेवा, पाहा."

नागपुरात जूनमध्ये भरदुपारी कूलर बंद करणं हा निर्णय घराघरात नाती तोडू शकतो. आम्ही तो विज्ञानासाठी घेतला. तासाभरात आनंदरावांचा सदरा अंगाला चिकटला, आई पदरानं वारा घेत भिंतीला टेकल्या, सुरुचीला लंगोटावर फरशीवर लोळवलं. चित्रात ही सगळी मंडळी तेवढीच धुरकट दिसत होती, फक्त आता चकाकत होती.

"ओल नाही," आनंदराव कपाळ पुसत म्हणाले. "एवढं तं नक्की झालं."

मग विक्रमच्या ऑफिसातल्या कोणी सांगितलं की बिटरेट वाढवा, प्रत्येक सेकंदाला जास्त माहिती गेली की चित्र सुधारतं. मी तो सर्वात वर नेला. आमच्या इंटरनेटला एवढं पेललं नाही. चित्र थांबलं. पाऊण तास सुरुची पडद्यावर एक पाय उचलून उभी होती, आणि कामठीहून माझ्या आईचा फोन आला की पोरगी हलत काहून नाही.

रोज सकाळी आंघोळीआधी मी पट्ट्या नव्यानं लावत असे, चित्र थोडं तरी सुधारल्यासारखं वाटे, आणि अकरा वाजता पाहावं तर कालच्यापेक्षा वाईट. सावली आता डावीकडून मधोमध आली होती. माझ्या तक्त्यात काही नियमच दिसेना. मी चिडून वही आपटली की आई म्हणत, "होईल वं नीट. तू कायले जीव जाळतं?" आणि टेबलावर बोटं चालू.

शेवटी कंपनीकडे तक्रार केली. आता, बिल होतं आनंदरावांच्या नावावर. खरेदीच्या दिवशी विक्रमच्या फोनची बॅटरी संपली होती म्हणून दुकानात सोबतीला गेलेल्या आनंदरावांचा नंबर दिला गेला. परिणामी तक्रारीच्या प्रत्येक पायरीला ओटीपी त्यांच्या फोनवर जाई, आणि त्याचं आयुष्य साठ सेकंद. मी गॅलरीतून ओरडायचे, ते चष्मा शोधायचे, मग खालून आकडे यायचे, "चार... सात... सात की एक आहे गा हे?" तिसऱ्या वेळी समोरच्या बिल्डिंगमधल्या बाईंनी त्यांच्या गॅलरीतून विचारलं, "लागला का नंबर?" चौथ्या वेळी लागला. कंपनीनं दोषाचा फोटो मागितला. मी धुकट चित्राचा फोटो पाठवला. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं: जोडलेला फोटो अस्पष्ट असल्यामुळे आपली तक्रार बंद करण्यात येत आहे.

शुक्रवार झाला होता. मी खण उघडला आणि अर्जावर तारीख टाकायला पेन शोधलं. पेन नव्हतं. पेन नव्हतं म्हणूनच, दुसऱ्या कुठल्याही मनोनिग्रहामुळे नाही, मी शनिवारी कॅमेरा फळीवरून काढून पिशवीत टाकला आणि बिलाचे कायदेशीर मालक आनंदराव यांना घेऊन सीताबर्डीला गेले.

दुकानदार धर्मेंद्र हा पन्नाशीचा शांत माणूस होता. त्यानं माझा निरीक्षण तक्ता दोन पानं वाचला आणि आदरानं परत केला. सेटिंग तपासलं. "मॅडम, सेटिंग तं सगळं बरोबर आहे. एकदम परफेक्ट लावलं तुम्ही." मला उगाच बरं वाटलं. मग त्यानं कॅमेरा उजेडाकडे धरला, एक डोळा मिटला, आणि करंगळी काचेवरून फिरवली.

करंगळी काळी झाली. त्यानं वास घेतला.

"तूप?" तो म्हणाला.

बोलण्यासारखं जे होतं ते माझ्या डोक्यात एकामागून एक जागेवर बसत होतं आणि प्रत्येक वेळी थोडं दुखत होतं.

"कार्ड आहे न याच्यात," धर्मेंद्र म्हणाला. "रेकॉर्डिंग होऊन राहते. पाहून घेऊ कोणी केलं." मागचं रेकॉर्डिंग आम्ही कधी पाहिलंच नव्हतं, ज्या घरात दहा महिन्यांचं मूल आहे तिथे मागचं पाहायला कोणाला सवड असते? त्यानं कार्ड काढलं आणि भिंतीवरच्या मोठ्या टीव्हीला जोडलं. गिऱ्हाइकं चार-पाच होती. सगळी वळून पाहू लागली.

पडद्यावर आमचा हॉल आला, कौतुकाच्या दुसऱ्या दिवसाचा, झळझळीत स्वच्छ. सकाळचे नऊ चाळीस. आतून माझ्या आंघोळीच्या बादलीचा आवाज. मग आई आल्या, न्हाऊन पावडर लावलेल्या सुरुचीला कडेवर घेऊन. सुरुचीच्या गालावर ताजी तीट. आईंचा चेहरा जवळ, आणखी जवळ आला, नाक मोठं झालं, आणि त्यांचा आवाज दुकानभर घुमला.

"सगळ्यांनी तारीफ केली नं काल तुझी. नजर लागन अशानं." त्या कॅमेऱ्याला न्याहाळत होत्या. "आता तुले कपाळच नाही, तं लावू कुठं? सारा डोळाच आहे तू." मग हिरव्या बांगड्या आणि एक अवाढव्य बोट पडद्यावर आलं आणि डावा कोपरा काळा झाला.

कोणीतरी हसलं. मीही हसायच्या बेतात होते.

धर्मेंद्रनं पुढचा दिवस लावला. पुन्हा नऊ चाळीस, पुन्हा बोट. त्याच्या पुढचा दिवस. चित्र जसजसं बिघडत गेलं तसतशी आईंनी मात्रा वाढवली होती, कोपऱ्यातून मध्याकडे. शुक्रवारच्या सकाळी काळ्या ढगामागून फक्त आवाज येत होता.

"काहून नाटकं करून राहिला रे बाबू. नीट दिस नं जरा. तिनं अर्ज लिहून ठेवला, मी पाह्यला खणात. तू नाही दिसला तं ती देऊन देईल." सुरुची मध्येच काही बोलली, तिला आईंनी हूं म्हटलं. "माझं राहून गेलं ते राहून गेलं. तिचं नको राहू देजो. सोमवारी जाऊ दे तिले. इथं मी आहो नं."

धर्मेंद्रनं टीव्ही बंद केला. आनंदरावांनी चष्मा काढून बराच वेळ पुसला, आणि मग तेच फडकं पुढे केलं. धर्मेंद्रनं त्या फडक्यानं कॅमेऱ्याची काच पुसली, दोनदा. त्याच्या फोनवर चित्र आलं: मी, नाकाचं टोक लाल, डोळे ओले, इतकी स्पष्ट की मीच म्हटलं, बंद करा.

"मॅडम, तुम्ही काय करता?" त्यानं बिल परत देताना विचारलं.

"भौतिकशास्त्र शिकवते."

"कोणता धडा?"

"प्रकाश. भिंगं."

त्यानं मान हलवली, आपण सांत्वनाला गेलो की हलवतो तशी.

घरी आई सुरुचीला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. सुरुचीच्या पाठीवर दहा बोटं चालली होती. "झालं का नीट? काय निघालं?"

ऑटोमध्ये मी तीन निरनिराळी भाषणं तयार केली होती. त्यातलं एकही वापरलं नाही. "काजळ निघालं, आई."

बोटं थांबली. आईंनी माझ्याकडे पाहिलं, कॅमेऱ्याकडे पाहिलं, डबीच्या खणाकडे पाहिलं. पाच दिवसांचा हिशेब त्यांच्या चेहऱ्यावरून सरकताना मला दिसला. "म्हणजे मीच बिघडवला?"

"तुम्हीच."

"त्याले कपाळ नाही वं," त्या अगदी लहान आवाजात म्हणाल्या.

मी कॅमेरा उलटा केला आणि त्याची बैठक दाखवली, गोल, पांढरी, कोरी. "लहान मुलांच्या तळपायाला लावतात नं तीट?"

आईंनी तो उचलून सगळ्या बाजूंनी बघितला. हा शास्त्रार्थ होता, घाई चालणार नव्हती. "लावतात," त्या शेवटी म्हणाल्या. "चालते. तळपायाले चालते." आणि लगेच उठून त्यांनी तीट लावली, चांगली ठसठशीत. मी कॅमेरा धरून उभी राहिले.

अर्ज मी सुरुचीला दिला. तिनं तो दोन्ही हातांनी विचारात घेतला, त्याचे पाच तुकडे केले आणि एक खाल्ला. तो तिच्या तोंडातून काढताना मी पाहिलं, तारखेच्या मोकळ्या जागेचाच होता.

सोमवारी मी कुहीला गेले. बसमध्ये रडले, पाचगावपर्यंत, मग खिडकीबाहेर बघितलं. पहिला तास बारावीचा होता, प्रात्यक्षिकाची वही सुरू करायची होती. वहीत प्रयोगाआधी दक्षता लिहायच्या असतात, आणि भिंगाच्या प्रयोगात पहिली दक्षता गेली सात वर्षं मीच सांगते आहे: भिंग स्वच्छ पुसून घ्यावे. पहिल्या बाकावरच्या मुलीनं हात वर केला. "मॅडम, हे लिहायचं का? हे तं कोणालेही समजते."

"लिही," मी म्हटलं. "खाली रेघ मार."

एक वाजता स्टाफरूममध्ये डबा समोर ठेवून मी फोन उघडला. आईंशी ठरलं होतं, एकला त्या सुरुचीला कॅमेऱ्यासमोर धरणार. कुहीत त्या खिडकीपाशी नेटवर्कची एक काडी येते. उच्च गुणवत्ता निवडली, तर चक्र फिरत राहिलं. मध्यम निवडली, तेच. एवढी मी पट्ट्यांची तज्ज्ञ, पण शेवटी सगळ्यात खालच्या पायरीवर आले तेव्हा चित्र उघडलं.

चित्र म्हणजे चौकोन. मोठमोठे, बुटके चौकोन. निळसर होते ते आईंचं पातळ असावं. मधल्या गव्हाळ चौकोनांचा पुंजका हलत होता, वर जात होता, खाली येत होता. नाक कुठलं, हात कुठला, काही कळायला मार्ग नव्हता. पण त्या गव्हाळ पुंजक्यात, जिथे गाल असतो तिथे, एक चौकोन काळा होता.

तो हसत होता की रडत होता हे सांगता येणार नाही. पण तो होता, आणि त्याला कोणीतरी धरलेलं होतं. मी फोन उलटा ठेवला आणि डबा उघडला.